मुद्रांक कायदा आणि चहा कायदा : कर कशात होता, फूट कशाने पडली?

बोस्टनच्या बंदरात चहा का बुडवला, असं विचारलं की हमखास उत्तर येतं : ब्रिटिशांनी चहावरचा कर वाढवला म्हणून. पण 1773 च्या चहा कायद्यात नवा कर नव्हताच. तो होता 1765 च्या मुद्रांक कायद्यात. अमेरिकन वसाहतींचे हे दोन झगडे आपण सर्रास एकात एक मिसळतो.

मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं, परवाने, अगदी पत्त्यांच्या कॅटालाही पैसे भरून घ्यायचा सरकारी शिक्का सक्तीचा केला. झळ बसली वकील, छापखानेवाले आणि व्यापाऱ्यांना, म्हणजे नेमकी बोलक्या मंडळींना! त्यामुळे कर चुकीचा आहे यावर फारसा वाद नव्हता. वाद होता तो विरोध कसा करायचा यावर. बोस्टन जिच्यात होतं त्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांनाही हा कर पसंत नव्हता, पण कायदा आहे तोवर तो पाळावा, असं त्यांचं मत. ऑगस्टमध्ये जमावाने त्यांचं घर फोडून लुटलं. मार्च 1766 मध्ये कायदाच मागे घेतला गेला.

चहा कायद्यामागे होती आपल्या चांगल्याच ओळखीची ईस्ट इंडिया कंपनी. ती कर्जात होती आणि गोदामांत चहा पडून होता. ब्रिटिश संसदेने तिला थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात माफ केली. अमेरिकेतली पौंडाला 3 पेन्सची जकात 1767 च्या कायद्यापासूनचीच, ती तशीच ठेवली. तरीही चहा आता स्वस्त मिळणार होता.

विरोधकांची इथेच पंचाईत झाली. स्वस्त चहा नको, हे लोकांना पटवायचं कसं? तो घेतला तर संसदेचा कर लावण्याचा हक्कच मान्य केल्यासारखं होईल, असं ते सांगत. शिवाय विक्री मोजक्या अडत्यांच्या हाती, आणि बोस्टनच्या अडत्यांमध्ये हचिन्सन यांची दोन मुलं. स्वतः हचिन्सन तोवर गव्हर्नर झालेले. चोरटा डच चहा विकणाऱ्यांचा धंदाही बुडणार होता, तेव्हा सगळा विरोध तत्त्वाचाच होता असं मी म्हणणार नाही.

16 डिसेंबर 1773 च्या रात्री विरोधकांनी चहाच्या 342 पेट्या बोस्टनच्या बंदरात फेकल्या. कराला विरोध असलेल्या काहींनाही हे रुचलं नाही. वसाहतींची बाजू मांडणारे बेंजामिन फ्रँकलिन यांचं मत होतं की कंपनीला भरपाई द्यावी. लंडनच्या सरकारने चहाचे पैसे मिळेपर्यंत बोस्टनचं बंदर बंद केलं, तेव्हा बोस्टनमधल्या काही व्यापाऱ्यांनी पैसे भरून मोकळं व्हायचा आग्रह धरला. नगरसभेत त्यांचा पराभव झाला. पुढे झगडा युद्धावर गेला. मार्च 1776 मध्ये ब्रिटिश फौज शहर सोडून आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेली, तेव्हा ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवणारी शेकडो माणसं तिच्याबरोबर जहाजात चढली.