मसुरीच्या चुनखडकावरचं बंजाचं रान

मसुरीचं नाव 'मंसूर' या झुडपावरून आलं, असं मानतात. दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर आधी उगवणाऱ्यांत हे झुडूप असतं. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे मातीविना पडलेल्या खडीतही ते तगतं.

इथला चुनखडक 54 कोटी वर्षांहून जुना. पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली उतरतं. वरचा उतार कोरडा आणि पायथ्याशी झरे. वर ओल टिकते ती बंज या सदाहरित ओक झाडाच्या पालापाचोळ्यात. बुरांशला (लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनला) आम्ल माती लागते, म्हणून चुनखडकावर तो अशा कुजलेल्या थराच्या आधारानेच उभा राहतो. उघड्या कड्यांवर मात्र सुरई (हिमालयी सायप्रस), आणि तिथेच गोरल, म्हणजे शेळीसारखे रानटी प्राणी, चरतात.

1820 च्या दशकात इंग्रजांनी इथे वस्ती केली, तेव्हापासून घरं, सरपण आणि कोळशासाठी बंज तुटत गेला. इथला पहाडी लावा हा पक्षी (हिमालयन क्वेल) नोव्हेंबर 1865 मध्ये मसुरीजवळच्या बिनोग आणि भद्राज या डोंगरांदरम्यान मारला गेला, दोन वर्षांनी मसुरीखालच्या झरीपाणीला दिसला. त्याची शेवटची खात्रीची नोंद 1876 ची, तीही नैनितालजवळची. बिनोगच्या अभयारण्याला आज त्याचं नाव आहे, पक्षी नाही.

रानावरचा खरा घाव चुनखडकाच्या खाणींचा. वर सुरुंग आणि खाली ढकललेला राडारोडा, त्यामुळे खोदलेल्या जागेपेक्षा कितीतरी जास्त रान गाडलं गेलं. 1983 मध्ये डेहराडूनच्या एका संस्थेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. 12 मार्च 1985 च्या आदेशाने अनेक खाणी बंद झाल्या आणि 1988 च्या निकालाने बहुतेक उरलेल्याही. त्याआधीच, 1982 मध्ये, माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची तुकडी इथल्या उतारांवर झाडं लावण्यासाठी उभारली होती.

अशा राडारोड्यावर थेट बंज लावणं ही चूक; ओल नाही, सावली नाही, रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळतं. आधी दगडी बांध घालून घसरण थांबवायची, मग मंसूर आणि गवत, मग सुरई. बंज शेवटी, आणि तोही ताज्या बियांचा. बी वाळलं की मेलं. किडीची भोकं असलेलंही टाकून द्यावं. चाऱ्यासाठी दरवर्षी छाटलेल्या झाडांना बी धरतच नाही, कारण ते पिकायला वर्षाहून जास्त काळ लागतो. आणि पिकलेलं बी गडगडतं खालीच. ते वरच्या उतारावर नेऊन पुरून ठेवणारे 'जे' (jay) नावाचे पक्षी मोठ्या झाडांच्या आसपासच राहतात.