मिरी, मिरची, दारुहळद : अल्कलॉइड आणि अँटिऑक्सिडंट

‘दारुहळदीत अँटिऑक्सिडंट असतात म्हणे, रोज किती घेऊ?’ असं बरेच ग्राहक विचारतात. (दारुहळद म्हणजे स्वयंपाकातली हळद नव्हे, ते वेगळं झुडूप.) गर्दीत घाईघाईनं उत्तर देणं आम्हाला पटत नाही, म्हणून हे पत्रक.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना शरीरात फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर रेणू तयार होतातच. तंबाखू आणि धुरानं ते वाढतात. अशा रेणूतला एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजाऱ्याचीही तीच गत. पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशात ही साखळी पुढे सरकत राहते. डब्यातलं तेल खवट होतं तेही याच क्रियेनं. अँटिऑक्सिडंट आपला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊन साखळी तोडतो.

अल्कलॉइड हे वनस्पतींतले नायट्रोजनयुक्त पदार्थ, पण सगळ्यांची कामाची रीत एक नाही. तांबड्या रश्श्यातल्या मिरचीच्या कॅप्सेसिनमध्ये फिनॉल नावाचा अणूंचा गट असतो. त्यातला हायड्रोजन सहज सुटतो, त्यामुळे ते फ्री रॅडिकलला थेट शमवू शकतं. पांढऱ्या रश्श्यातल्या मिरीच्या पायपरीनकडे असा मोकळा गट नाही, म्हणून त्याची थेट ताकद कमी. त्याचं मोल वेगळं आहे. हळदीतलं कर्क्युमिन (हे अल्कलॉइड नव्हे, पॉलिफेनॉल म्हणजे एकाहून जास्त फिनॉल गट असलेला पदार्थ) एकटं घेतलं तर रक्तात फारच थोडं उतरतं. सोबत पायपरीन असेल तर ते कितीतरी जास्त उतरतं, असं 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दारुहळदीतलं पिवळं बर्बेरीन लोहासारख्या धातूंना धरून ठेवतं आणि मोकळ्या लोहामुळे होणाऱ्या फ्री रॅडिकलना आळा घालतं, असं प्रयोगशाळेत आढळलं आहे.

प्रयोगशाळेतलं सगळं शरीरात तसंच घडेल असं नाही. ‘कॅन्सर बरा होतो’ असं आम्ही कुठल्याही चूर्णाच्या पाकिटावर छापत नाही, छापणारही नाही. शिवाय अल्कलॉइड म्हणजे निरुपद्रवी, असंही समजू नका. धोतरा, कुचला, बचनाग यांचं विषही अल्कलॉइडच आहे.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर बर्बेरीनमुळे रक्तातली साखर फार कमी होऊ शकते. पायपरीन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. रोजची औषधं चालू असतील तर चूर्ण किंवा कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गर्भवतींनी आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातांनी दारुहळद घेऊ नये. जेवणातल्या मिरीबद्दल मात्र एवढी काळजी नको.

मिरी अख्खीच न्या. उजेडात पायपरीनचा तिखटपणा उतरतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या, उजेड न लागणाऱ्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढीच ऐनवेळी कुटा.