लिटरपेटी टाळणे (मांजर)

पाळीव मांजराने शी-शूसाठी ठेवलेली पेटी सोडून गादी, सोफा, मोरी किंवा धुवायच्या कपड्यांचा ढीग गाठणे. घरचे लोक याला सूड म्हणतात; पशुवैद्य आधी आजार शोधतात, आणि तेच योग्य.

मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. भुसभुशीत माती उकरून विष्ठा पुरण्याची सवय त्याच्याकडून आलेली, म्हणून पिल्लांना पेटी फारशी शिकवावी लागत नाही. १९४७ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली, तेव्हा एडवर्ड लो यांनी तिला फुलर्स अर्थचे (आपल्या मुलतानी मातीचेच भावंड) दाणे दिले. लिटरचा, म्हणजे पेटीत भरायच्या दाण्यांचा, धंदा तिथून सुरू झाला.

वारंवार पेटीत बसणे, कुंथणे, ओरडणे, थेंबथेंब किंवा लालसर लघवी ही मूत्राशयाच्या दाहाची लक्षणे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद. खड्यांनी वा चिकट गाळाने तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लघवी अजिबात होत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. पेटीत बसल्यावर दुखते एवढेच मांजराच्या लक्षात राहते, त्यामुळे बरे झाल्यावरही काही मांजरे तिथे फिरकत नाहीत. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या मांजराला उंच काठ ओलांडवत नाही.

उभ्याने, ताठ शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारणे हा प्रकार निराळा. ती हद्दीची खूण. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांत ती थांबते किंवा कमी होते.

बाकी दोष बहुधा पेटीचा. मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी जास्त, लांबी मांजराच्या दीडपट, बारीक बिनवासाचे दाणे आणि रोजची सफाई, असा दंडक आहे. झाकणाची पेटी ही माणसाच्या नाकाची सोय. मोठा उथळ प्लॅस्टिकचा टब अनेकदा बरा. वॉशिंग मशीनशेजारी मात्र तो ठेवू नये.

डाग दिसला की आपल्याकडे हात फिनेलकडे जातो. फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराचे यकृत नीट करू शकत नाही, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. अमोनियाचे क्लीनरही टाळावे, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. विकरयुक्त (एन्झाइमचा) क्लीनर वापरावा. शिक्षा म्हणून मांजराचे नाक ओल्या जागी घासले, तर ते फक्त माणसादेखत करायचे थांबते. पुढचा डाग पलंगाखाली सापडतो. एकच कोपरा पुन्हा पुन्हा निवडला जात असेल, तर पेटी तिथेच ठेवून, सवय लागल्यावर रोज थोडीथोडी सरकवत मूळ जागी नेतात.