टिसचं मीडिया स्कूल: मास्तरांच्या फिल्म आणि पोरांच्या फिल्म

स्कूल ऑफ मीडिया अँड कल्चरल स्टडीज हा मुंबईत देवनारला असलेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, म्हणजे आपल्या टिसचा, माध्यम विभाग. टिस १९३६ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असं होतं, आणि १९६४ ला तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. समाजकार्य शिकवणाऱ्या जागेत कॅमेरे आणि एडिटिंगच्या मशिनी काय करतायत असं नवीन माणसाला वाटू शकतं, पण इथली डॉक्युमेंटरीची परंपरा चांगलीच जुनी आहे. आधी हा छोटासा मीडिया युनिट होता, मग सेंटर झालं, मग स्कूल. मीडिया अँड कल्चरल स्टडीज या विषयातलं दोन वर्षांचं एमए २००७ मध्ये सुरू झालं. म्हणजे इथे वर्ग भरायच्या कितीतरी आधीपासून फिल्म बनत होत्या, आणि या विभागाचं वेगळेपण मला तरी त्यातच दिसतं, कारण मीडिया कोर्स आज गल्लोगल्ली आहेत पण शिकवणारा स्वतः वर्षानुवर्षं शूटिंग करत फिरलाय असं फार कमी ठिकाणी सापडतं.

विभागाचं नाव झालं ते मुख्यतः अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या जोडीमुळे. दोघं नवरा-बायको, दोघं इथेच प्राध्यापक होते, आणि फिल्मही एकत्रच करतात. गंमत म्हणजे अंजलींचं एमए अर्थशास्त्रातलं आणि पीएचडी समाजशास्त्रातली, जयशंकरांचं एमए जर्मन भाषेतलं. त्यांच्या फिल्मना मिळालेले देशी-परदेशी पुरस्कार तीसच्या वर जातात. 'आयडेंटिटी: द कन्स्ट्रक्शन ऑफ सेल्फहूड' या फिल्मला १९९५ मध्ये बर्लिनच्या प्री फ्युतुरा या स्पर्धेत आशिया प्राइझ मिळालं. येरवडा जेलमधल्या कैदी कवी-कलावंतांवरच्या 'वायसीपी १९९७' ला १९९८ साली रोमानियातल्या सिबियू गावच्या आस्त्रा फेस्टिवलमध्ये बक्षीस मिळालं. येरवड्याचं जेल म्हटलं की आपल्याला गांधीजी आणि पुणे करार आठवतो, आणि इथे कैदी बसून स्वतःच्या कविता म्हणतायत.

मराठी माणसाने मुद्दाम शोधून बघाव्यात अशा त्यांच्या फिल्म वेगळ्याच आहेत आणि त्यांची चर्चा आपल्याकडे जेवढी व्हायला पाहिजे तेवढी झालेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. 'कहाणकार: अहंकार' ही १९९० च्या दशकातली फिल्म वारल्यांवर आहे, तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आताचा पालघर. वारली लोक आपल्या गोष्टी कशा सांगतात आणि बाहेरून आलेल्यांनी, विशेषतः इंग्रज अधिकाऱ्यांनी, त्यांच्याबद्दल काय लिहून ठेवलं, हे ती समोरासमोर ठेवते. २००१ ची 'साचा' ही गिरणगावाची फिल्म. तिच्यात दोन माणसं आहेत, कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन. सुर्वे म्हणजे गिरणी कामगाराने सांभाळलेलं, रस्त्यावर सापडलेलं पोर, जे पुढे मराठीतलं मोठं नाव झालं, आणि पटवर्धन ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत मुंबईचे कामगार, लोकल, चाळी रंगवत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप कागदावर कधी मागेच घेतला नाही आणि गिरण्या मात्र बंद पडत गेल्या, त्या जागांवर टॉवर आणि मॉल आले. 'साचा' बघताना हे शहर कोणाच्या हातांनी उभं राहिलं ते डोळ्यासमोर येतं, पण आकडे आणि भाषणं अंगावर येत नाहीत, कविता आणि चित्रं काम करतात.

मग २००३ ची 'नाता'. भाऊ कोरडे आणि वकार खान हे धारावीतले दोन मित्र, १९९२-९३ च्या दंगलीनंतर वस्तीत हिंदू-मुसलमानांना पुन्हा एकत्र आणायला धडपडणारे. वकार भाईंचं ते चार धर्मांच्या वेशातल्या चार पोरांचं 'हम सब एक हैं' पोस्टर बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल, ते कुठून आलं हे मात्र माहीत नसतं. फिल्ममध्ये दिग्दर्शक जोडी स्वतःचं घर, स्वतःचं आंतरधर्मीय, आंतरभाषिक लग्नही मध्ये आणते. ही त्यांची नेहमीची पद्धत, की आपण कॅमेऱ्यामागे लपून बसायचं नाही.

पुढे त्यांनी तमिळनाडूतल्या तृतीयपंथी कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर 'अवर फॅमिली' केली (२००७), आणि मग कच्छचा नाद लागला तो सुटलाच नाही. २००९ ची 'दो दिन का मेला', २०११ ची 'सो हेद्दान सो होद्दान' आणि २०१७ ची 'अ डेलिकेट वीव्ह' अशा तीन फिल्म तिथल्या. मधली फिल्म सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई यांचं काव्य गाणाऱ्या जत समाजातल्या पशुपालक लोकांची, तिला २०१३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या फेस्टिवलात बेझिल राइट प्राइझ मिळालं. मानववंशशास्त्राच्या वर्तुळात हे प्राइझ चांगलंच वजनदार. शिवाय या दोघांनी भारतातल्या स्वतंत्र डॉक्युमेंटरीवर 'अ फ्लाय इन द करी' हे पुस्तक लिहिलं (२०१६), त्याला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमावरच्या पुस्तकांच्या गटात विशेष उल्लेख मिळाला.

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर त्यांच्या फिल्म बहुतेक मुंबईच्याच आहेत आणि गटाने केलेल्या आहेत, एकट्याचं नाव मोठं करायची इथे फारशी सवय नाही. १९९२-९३ च्या दंगलीला वीस वर्षं झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या विषयावर फिल्मची एक मालिकाच केली. यातले बरेच जण दंगल झाली तेव्हा अगदी लहान असतील. त्यातली 'फारूक व्हर्सेस द स्टेट' ही फारूक मापकर यांची गोष्ट. बँकेत शिपाई असलेला हा माणूस १० जानेवारी १९९३ ला वडाळ्याच्या हरी मशिदीत होता, तिथे पोलिसांच्या गोळीबारात जखमी झाला आणि वर दंगलीचा आरोप त्याच्यावरच लागला, त्यातून निर्दोष सुटायला २००९ साल उजाडलं. या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल किती जणांनी वाचलाय? अशी एखादी फिल्म त्यातलं एक प्रकरण तरी माणसासकट समोर आणते.

सगळ्यात जास्त गाजली ती 'कास्ट ऑन द मेन्यू कार्ड', आणि गाजली ती दाखवू न दिल्यामुळे. साधारण वीस मिनिटांची विद्यार्थ्यांची फिल्म, मुंबईत बीफ कोण खातं, कोण विकतं, आणि त्यावरून जात कशी ओळखली जाते याच्यावर. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मार्च २०१५ मध्ये आली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या जीविका फेस्टिवलमध्ये ही फिल्म लागणार होती. सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेली फिल्म फेस्टिवलात दाखवायची तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, ती बाकीच्या फिल्मना मिळाली आणि हिला नाही. मग काय, एरवी कॉलेजातल्या प्रोजेक्टकडे ढुंकून न बघणाऱ्या पेपरांत बातम्या आल्या आणि लोक फिल्म शोधायला लागले.

विभागाला हा सेन्सॉरचा वाद नवा नव्हता. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या २००४ च्या आवृत्तीसाठी आधी फक्त भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेट सक्तीचं केलं होतं, परदेशी फिल्मना नाही. देशभरातल्या डॉक्युमेंटरीवाल्यांनी एकत्र येऊन विरोध केला तेव्हा ती अट मागे घ्यावी लागली, पण निवडीत बऱ्याच अडचणीच्या फिल्म गळल्या आणि मग त्याच काळात मुंबईतच 'विकल्प' नावाने समांतर फेस्टिवल भरवलं गेलं. मोंतेरो-जयशंकर त्या चळवळीत होते, त्यामुळे दहा-अकरा वर्षांनी विद्यार्थ्यांवर तीच वेळ आली तेव्हा त्यांचे मास्तर या सगळ्यातून आधीच गेलेले होते.

इथून बाहेर पडून पुन्हा इथेच शिकवायला आलेल्यांत शिल्पी गुलाटी यांचं नाव घ्यायला हवं. एमए इथूनच केलं, दिव्या कावसजींबरोबर २०१४ मध्ये पारशी समाजावर 'किस्सा-ए पारसी' ही फिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नंतर त्या इथेच प्राध्यापक झाल्या.

याशिवाय विभाग 'कट.इन' नावाचा देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या फिल्मचा फेस्टिवल भरवतो आणि 'फ्रेम्स ऑफ रेफरन्स' नावाचं विद्यार्थ्यांचं चर्चासत्रही घेतो. प्रवेशाला पूर्वी टिसची स्वतःची परीक्षा होती, २०२३ पासून सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.