घोंगडीचं जॅकेट आणि इरल्याचं जॅकेट

मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा ऑक्टोबरात फोन आला. ऑफिसातला एक सहकारी त्याला हरणाच्या शिकारीला सोबत नेणार होता. बंदूक याच्या हातात नाही, नुसतं झाडावरच्या मचाणात बसायचं. ‘दादा, तू पावसाळ्यात जंगलात भटकतोस, कुठलं जॅकेट घेऊ?’ मी छाती पुढे काढून सांगितलं, वॉटरप्रूफच घे, तिथे काटकसर नको. त्याने घेतलं. नोव्हेंबरातल्या एका पहाटे दोघं मचाणावर चढले. उजेड फुटला, साठ-सत्तर पावलांवर एक मादी आली आणि याने नाक पुसायला हात वर केला. बाहीतून चिवड्याची पिशवी चुरगाळल्यासारखा आवाज आला. मादीने मान उचलली, पाय आपटला आणि पांढरं शेपूट उभारून पसार झाली. सहकारी काही बोलला नाही. दिवसभरच बोलला नाही म्हणे.

माझी फजिती याच्या बरोबर उलटी. आंबोलीला जुलैत रात्री बेडकांचे फोटो काढायला गेलो होतो, अंगात नवंकोरं मऊ जॅकेट. दुकानातल्या पोराने बाहीवर पाणी ओतून दाखवलं होतं. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब ओघळले. ‘सर, पाणी लागतच नाही याला.’ आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे त्या पोराला कोणी सांगितलं नसावं. चाळीस मिनिटांत खांदे गार पडले, तासाभरात बनियन पिळायची वेळ आली.

माझ्या लेबलवर ‘वॉटर रेपेलंट’ (पाणी झटकणारं) लिहिलेलं होतं, त्याच्या ‘वॉटरप्रूफ’ (पाणी आत येऊच न देणारं). मला तेव्हा दोन्ही एकच वाटायचं.

खरं तर हा फरक आपल्याला घरातूनच कळायला हवा होता. धनगराची घोंगडी ही रेपेलंट. लोकरीचा चरबट अंश आणि घट्ट विणीचे केस थेंबाला सहज आत शिरू देत नाहीत, आणि शिरलंच तर लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पिऊनही अंगाला लगेच ओली लागत नाही. पण संततधारेत ती भिजते, जड होते. कोकणातलं भातलावणीचं इरलं हे वॉटरप्रूफ. बांबूचा सांगाडा, वर पानं, हल्ली प्लास्टिक. पाठीवर कितीही कोसळू दे, आत थेंब नाही. पण इरलं घालून कोणी मेंढरांमागे रानभर फिरत नाही. दोन्ही पावसाचेच, पण कामं वेगळी.

आधुनिक इरल्याची गोष्ट १९६९ साली सुरू होते. अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी टेफ्लॉन ज्यापासून बनतं ते पीटीएफई गरम करून हळू ताणण्याऐवजी एकदम झटक्याने ताणलं, आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब आत शिरू नये इतकी बारीक, पण वाफ बाहेर पडावी इतकी मोठी. १९७६ मध्ये हे गोर-टेक्स नावाने बाजारात आलं. आज अशा पडद्याला मेम्ब्रेन म्हणतात. तो गोरचाच असतो असं नाही. पॉलियुरेथेनचे कितीतरी स्वस्त प्रकार आहेत आणि त्यातले बरेच चांगले आहेत.

लेबलवर १०,००० मिमी लिहिलेलं असतं, ते कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतं. दहा मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब. आता हिशेब करा. सत्तर किलोचा माणूस ओल्या गवतात दोन्ही गुडघ्यांवर बसला, प्रत्येक गुडघा जमिनीला चाळीस चौरस सेंटीमीटर टेकला, तर दाब झाला सुमारे ०.९ किलो, म्हणजे नऊ मीटर पाणी. उभ्याने पाऊस झेलायला ३,००० मिमीही पुष्कळ. त्याच कापडाची पँट घालून चिखलात गुडघे टेकलेत की पाणी आत. म्हणून माझं मत असं, की पैसे कमी असतील तर मोठा आकडा पँटच्या बुडाला आणि गुडघ्यांना बघावा, जॅकेटला नव्हे. लोक नेमकं उलटं करतात.

आणि शिवण. कापड कितीही वॉटरप्रूफ असलं तरी सुईने त्याला हजारो भोकं पाडलेली असतात. आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल, तर ते जॅकेट वॉटरप्रूफ नाही, लेबल काहीही म्हणो. दुकानात जॅकेट उलटं करून बघायला लाजू नका.

आता घोंगडीचा आधुनिक अवतार. यात पडदा नसतो. कापडाच्या धाग्यावर रसायनाचा असा लेप असतो की पाणी पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. गंमत म्हणजे हाच लेप प्रत्येक महागड्या वॉटरप्रूफ जॅकेटच्या बाहेरच्या कापडावरही असतो, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. वर्ष-दोन वर्षांनी लेप झिजतो, बाहेरचं कापड पाणी पितं, खांदे काळपट ओले दिसतात. कापडच पाण्याने भरल्यावर वाफेला बाहेर जायला वाट उरत नाही, घाम आतच थिजतो. माणूस म्हणतो, ‘जॅकेट गळतंय, टाकून द्या.’ ते गळत नसतं. आतला पडदा शाबूत असतो आणि अंगावरचं पाणी बहुतेक आपलंच असतं.

असं जॅकेट साध्या, सुवास नसलेल्या द्रवसाबणाने धुवावं, दोनतीनदा खळखळून काढावं, आणि लेबल परवानगी देत असेल तर मंद इस्त्री किंवा ड्रायरची ऊब द्यावी. पुष्कळदा थेंब पुन्हा गोळी होऊन पळायला लागतात. नाहीच झालं, तर फवारायचं किंवा धुताना घालायचं औषध मिळतं. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी मात्र मुळीच नको, ते लेपाचा खून करतं. धुण्याच्या पावडरीतली चमक आणणारी द्रव्यंही शिकारी लोक टाळतात. हरणाला निळ्याच्या पलीकडचा, अतिनील बाजूचा उजेड आपल्यापेक्षा बरा दिसतो, त्यामुळे आपल्याला नुसतं स्वच्छ वाटणारं जॅकेट त्याला उजळलेलं दिसू शकतं.

हे लेप पूर्वी फ्लोरीनयुक्त रसायनांचे असत. ती निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत, म्हणून त्यांच्यावर बंधनं आली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ती चालत नाहीत. नवे लेप पाणी परतवतात, तेल नाही. मानेचं तेल, सनस्क्रीन, चुलीचा धूर यांनी ते लवकर मरतात. म्हणजे आता जॅकेट जास्त वेळा धुवायला हवं, कमी वेळा नव्हे.

मामेभावाच्या मचाणाकडे परत येतो. पडदा चिकटवलेलं कापड स्वभावतःच ताठ असतं, त्याला आवाज असतो. शिकारीसाठी शिवलेल्या महागड्या वॉटरप्रूफ जॅकेटची निम्मी करामत हा आवाज मारण्यात असते: बाहेरून घासून मखमली केलेलं पॉलिएस्टर, मग पडदा, मग आत मऊ जाळी. अमेरिकेतला सिटका हा शिकारी कपड्यांचा ब्रँड तर २००९ पासून गोर कंपनीच्याच मालकीचा आहे. ती किंमत पाहून डोळे पांढरे होतात. पण मचाणावर बसून राहणाऱ्याला ती बहुतेक वेळा मोजावीच लागत नाही. कोरड्या थंडीत किंवा भुरभुर बर्फात त्याला लागते घोंगडी: लोकरीचा कोट, जाड फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), रेपेलंट सॉफ्टशेल (मऊ, लवचिक कापडाचं जॅकेट). आवाज नाही, ऊब आहे, आणि पाऊस लागलाच तर सॅकमध्ये एक हलकं स्वस्त इरलं.

दुसरा खर्च छपाईचा. पानं-फांद्यांची छपाई असलेलं जॅकेट साध्या खाकी किंवा मातकट हिरव्यापेक्षा महाग मिळतं, आणि तो जास्तीचा पैसा बराचसा हरणासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतो. मिनेसोटात तर बंदुकीच्या हंगामात वरून भडक केशरी घालावंच लागतं. २०१७ पासून भडक गुलाबीही चालतं. माणसाला ते मैलावरून दिसतं, हरणाला तो रंग मळकट वाटतो, कारण त्याच्या डोळ्यांत लाल-हिरवा फरक करण्याची सोय नाही. आपल्या ताडोबातला वाघ याच हिशेबावर जगतो. आपल्याला नारिंगी दिसतो, चितळाला गवतासारखा. हलला मात्र की संपलं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला. पण पक्षी बघणाऱ्यांना आणि फोटो काढणाऱ्यांना शिकाऱ्याचेच गुण लागतात, त्यामुळे हे कपडे इथेही कामाचे. डिकॅथलॉनचा सोलोन्याक हा मुळात शिकारीचा ब्रँड, नाव फ्रान्समधल्या सोलोन्य या जंगली मुलखावरून. भारतात तोच माल वन्यजीव बघणाऱ्यांसाठी म्हणून विकतात. फक्त लष्करी दिसणारी छपाई टाळा. २०२२ साली आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीवर लष्कराची नोंदणीकृत मालकी आहे.

सह्याद्रीत महाग, श्वास घेणारं मेम्ब्रेन घ्यावं का? माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. कातडीजवळ ३४ अंशांना घामट हवेतल्या वाफेचा दाब सुमारे ५३ हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक). मिनेसोटात ५ अंशांच्या पावसात बाहेर ९, फरक ४४. आंबोलीत २२ अंशांना बाहेर २६, फरक २७. खाली सावंतवाडीत २७ अंशांना बाहेर ३६. फरक उरला १७. तेच जॅकेट, तेवढेच पैसे, आणि काम निम्म्याहून कमी. त्यापेक्षा काखेत चेन असलेला, शिवणींना पट्टी असलेला साधा रेनकोट किंवा सैल पोंचो बरा. छत्रीला हसणारे ट्रेकर्स मी पाहिलेत. जंगलात सपाटीवर उभ्याने बघत राहायचं असेल तर छत्रीसारखं हवेशीर काही नाही.

जुनं घेत असाल, आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायला लष्करी सरप्लसचं (सैन्याने विकायला काढलेलं) किंवा हंगाम संपल्यावरच्या सेलमधलं जॅकेट उत्तम असतं, तर आतून हात फिरवा. चिकट लागलं, पापुद्रे सुटत असतील, आंबूस वास आला, तर आतला पडदा दमट हवेने कुजलाय. तो धुऊन परत येत नाही. मुंबई-कोकणातल्या कपाटात न वापरता ठेवलेली जॅकेटंही अशीच मरतात. खात्री करायची तर बाहीचा खोलगट वाडगा करून त्यात वाटीभर पाणी दहा मिनिटं ठेवा आणि खालून बोट लावा. दुकानदार ओतून दाखवतो ती परीक्षा लेपाची, ही पडद्याची.

सगळ्यात स्वस्त घोंगडी मात्र मी शिंप्याकडे शिवून घेतली. स्वीडनच्या फ्येलरेवन कंपनीचं प्रसिद्ध जी-१००० कापड म्हणजे ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती, वर पॅराफिन आणि मधमाशांच्या मेणाचा हात. ६५-३५ म्हणजे आपलं टेरिकॉटच की! जाड, घट्ट विणीचं टेरिकॉट घेतलं, मांडी-गुडघ्यांना दुहेरी कापड लावून पँट शिवली, मेणाची वडी घासली आणि हेअर ड्रायरने जिरवली. बायको म्हणाली, देवघराचा वास येतोय. भिगवणला पहाटेच्या दवात ती पँट घालून दोन तास बसलो, मांड्या कोरड्या. गुडघे टेकले तेव्हा मात्र भिजलेच. घोंगडी ती घोंगडी.

मामेभावाने पुढच्या हंगामात सरप्लसच्या दुकानातून जाड लोकरीचा जुना कोट घेतला, वर केशरी बंडी. ते कुरकुरणारं जॅकेट दिवाळीत पुण्याला आला तेव्हा माझ्या हवाली केलं. आंबोलीला आता तेच नेतो. ते अजूनही चिवड्याच्या पिशवीसारखं वाजतं, पण तिथे पावसापुढे आणि बेडकांपुढे त्याचं कोण ऐकतंय.