गाय : खानदेशातील श्रद्धा आणि पूजा

हिंदू धर्मात गाय पूज्य मानली जाते. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ही पूजा मुख्यतः गाय-वासराची आहे. एकट्या गायीला घास मिळतो, तिला हात जोडले जातात. पण सणाचे ताट ओवाळतात ते सवत्स धेनूला, वासरासह उभ्या गायीला. तिचे आईपण हेच इथल्या गोपूजेचे मर्म आहे.

ऋग्वेदात गायीला ‘अघ्न्या’, म्हणजे जिला मारू नये अशी, म्हटले आहे. समुद्रमंथनातून निघालेली कामधेनू, वसिष्ठांच्या आश्रमातील नंदिनी आणि गोकुळात गुरे राखणारा कृष्ण कीर्तनांतून घरोघर पोचले. गायीच्या देहात तेहतीस कोटी देव वास करतात अशी श्रद्धा आहे. ‘कोटी’ म्हणजे ‘प्रकार’ असे मानणारे आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य आणि आणखी दोन देव अशी मोजणी करतात. खानदेश हे नाव ‘कान्हदेश’वरून, कृष्णाच्या नावावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात; फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबाशी ते जोडणारे दुसरे मतही आहे. अहिराणी बोलीच्या नावात मात्र अहिर, म्हणजे आभीर, या गोपालक समाजाची खूण उरली आहे.

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस, अर्थात गोवत्सद्वादशी येते. दिवाळीची पहिली पणती या संध्याकाळी लागते. गुरे रानातून परतली की सुवासिनी गायीच्या पायांवर पाणी घालतात, कपाळी हळद-कुंकू लावतात, वासराला ओवाळतात आणि दोघांना नैवेद्य देतात. व्रत करणाऱ्या बाया त्या दिवशी गायीचे दूध, दही, तूप खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपास सोडतात. त्या दिवसाचे दूध वासराचे, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. रोजच्या धारेतही तोच क्रम दिसतो. वासरू आधी सोडतात, ते कासेला ढुशा देते, गाय पान्हावते. मग त्याला तिच्या तोंडाशी बांधतात. ती त्याला चाटत राहते आणि तेवढ्यात चरवी भरते. ज्याने हे रोज पाहिले आहे, त्याला गाय ‘माता’ का, हे पोथीतून समजावून घ्यावे लागत नाही.

सह्याद्रीच्या अंगाला, साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यात, कोकणा आदिवासी याच तिथीला वाघबारस करतात. गुराखी वाघदेवाला पुजतात आणि रानात गुरांना सांभाळ, असे मागणे मागतात. सपाटीवर गायीची पूजा, डोंगरात तिला धोका असलेल्या वाघाची. काळजी मात्र एकाच गोठ्याची.

श्रावण अमावास्येचा पोळा, बोलीत ‘पोया’, हा बैलांचा सण. तरी तो गायीपासून वेगळा काढता येत नाही, कारण काळ्या जमिनीत कपाशीची कोळपणी करणारा बैल तिच्याच पोटचा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग-बेगड, पाठीवर झूल आणि खापरावरच्या पुरणपोळीचा घास. हीच तिथी पिठोरी अमावास्येची. आई नैवेद्य डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणते. अंगणात बैल आणि घरात लेकरू, दोघांचे कौतुक एकाच दिवशी व्हावे, हा नुसता योगायोग वाटत नाही.

दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण मिळून पंचगव्य होते आणि शुद्धिविधींत ते प्राशन करतात. घरात सर्वाधिक वावर शेणाचा. आखाजीला (अक्षय्य तृतीया) आणि पितृपक्षात गोवरीच्या निखाऱ्यावर तूप व अन्नाचा घास सोडतात. याला ‘आगारी टाकणे’ म्हणतात. निखारा धुमसत राहिला तर बाया फुंकर घालत बसतात, कारण ज्वाळा उठल्याशिवाय पितर जेवले असे मन मानत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबा भावे यांनी १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण केले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायींची कत्तल बंद झाली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. भाकड गाय आणि थकलेला बैल यांच्या वैरणीचा भार मात्र शेतकऱ्यावरच असतो. दुष्काळात कडबा महागला की तो भार सर्वांत आधी लहान खातेदाराला जाणवतो, आणि पूजेइतकेच बोलणे याविषयीही व्हायला हवे.

ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या घटल्या, अनेक घरांतून दावणही उठली. अशा घरच्या बाया वसुबारसेला ताट घेऊन शेजारच्या गोठ्यात जातात. तिथेही वासरू नसेल, तर पाटावर मातीची गाय मांडतात आणि तिच्या कासेशी मातीचेच वासरू ठेवतात.