‘कांदा नको’ एवढंच लिहायचं

माटुंग्याच्या उडपी हॉटेलात आपण ‘एक मसाला डोसा, भाजीत कांदा नको’ एवढंच सांगतो. सांबार, चटणी न मागता येतात, कारण ती ठरलेलीच असतात. ठरल्यापेक्षा वेगळं जे हवं, तेवढंच बोलायचं. लिनक्स कर्नेलच्या (म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कॉन्फिगरेशन फाइली, म्हणजे त्यात काय हवं-नको याच्या याद्या, मात्र वर्षानुवर्षं ताटातला पदार्थ न् पदार्थ लिहून ठेवत होत्या.

कर्नेल बांधताना हजारो पर्याय ठरवावे लागतात: ब्लूटूथ हवं का, कोणत्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घ्यायचा, वगैरे. हे सगळं के-कॉन्फिग ही यंत्रणा सांभाळते. पर्यायाला स्वतःचं ठरलेलं उत्तर असू शकतं, काही पर्याय दुसऱ्यावर अवलंबून असतात, तर काही निवडले की आणखी दोघांना सोबत ओढून आणतात. म्हणजे पूर्ण फाइलीतल्या बहुतेक ओळी यंत्रणेला न सांगताही कळतात.

2010 मध्ये एआरएम प्रकारच्या प्रोसेसरच्या बोर्डांसाठी अशा लांबलचक फाइलींचा ढीग साचला होता. त्यांतल्या सततच्या बदलांत खरे बदल दिसेनात, म्हणून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागले. तेव्हा कर्नेलवर काम करणारे उवे क्लाइने-कोनिग यांनी पायथन भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक ओळ काढायची, के-कॉन्फिगकडून पूर्ण फाइल पुन्हा तयार करून घ्यायची आणि आधीच्या फाइलीशी ताडून पाहायची. जशीच्या तशी आली तर ओळ गेली. फरक पडला तर ओळ परत जागेवर. या पद्धतीने लाखाहून जास्त ओळी गळाल्या.

पद्धत बिनचूक, पण संथ. समजा फाइलीत 3,000 ओळी आहेत आणि एका तपासणीला 2 सेकंद लागतात. झाले 100 मिनिटं, विरारहून चर्चगेटपर्यंतच्या धीम्या लोकलचा प्रवास! मग एकेक ओळ कशाला, गठ्ठाच काढून पाहावा. चाललं तर सगळा गठ्ठा गेला. नाही चाललं तर त्याचे दोन भाग करायचे. खरोखर गरजेच्या ओळी 60 असतील, तर तपासण्या फार तर आठशेच्या आसपास भरतात. चर्चगेटहून वांद्र्याला पोहोचेपर्यंत काम संपतं.

त्यातही एक तपासणी वाचवता येते, आणि हा बारकावा मला फार आवडतो. पूर्ण गठ्ठा काढणं फसलं, पण त्याचा पहिला अर्धा भाग सुखाने निघाला, तर दुसरा अर्धा एकदम काढून पाहायची गरजच नाही. तोही काढला की पुन्हा तोच पूर्ण गठ्ठा काढल्यासारखं होतं, आणि ते फसलेलं आपण पाहिलंय. थेट त्याचे दोन भाग करायचे.

नवख्या स्क्रिप्टा हमखास एका ठिकाणी अडखळतात. सुरुवातीला ‘#’ असलेली ओळ म्हणजे टीप, असं समजून त्या ती उडवतात. पण के-कॉन्फिगमध्ये ‘हा पर्याय निवडलेला नाही’ हे याच चिन्हाने लिहितात. ती ओळ म्हणजे आपला ‘कांदा नको’! ती गेली की कांदा आलाच. जुन्या कर्नेलांत फाइलीच्या डोक्यावर तारीख-वेळही छापली जायची. ती न वगळता तुलना केली, तर प्रत्येक वेळी फरकच दिसणार.

2010 मध्येच कर्नेलवर काम करणारे सॅम राव्हनबोर्ग यांनी फाइल छोटी करायची सोय थेट के-कॉन्फिगमध्येच आणली. ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ ही आज्ञा प्रत्येक पर्यायाचं सध्याचं उत्तर ठरलेल्या उत्तराशी ताडते आणि वेगळं असेल तेवढंच लिहिते. काढून पाहण्याचा खटाटोपच नाही, काम क्षणात होतं. तरी ज्या यंत्रणांत अशी आज्ञा नाही, तिथे गठ्ठ्यांची युक्ती आजही कामाची आहे.

छोट्या फाइलीची एक जोखीम मात्र राहते. उद्या हॉटेलवाल्याने डोशासोबतचं सांबार बंद केलं, तर आपली ऑर्डर तीच राहूनही ताट बदलतं. कर्नेलच्या नव्या आवृत्तीत एखादं ठरलेलं उत्तर बदललं, तर आपल्या फाइलीत एक अक्षरही न बदलता बोर्डावरचं काहीतरी गुपचूप बंद पडू शकतं. म्हणून मी रोजच्या कामाला छोटी फाइल वापरतो, पण प्रत्येक रिलीजसोबत पूर्ण फाइलही जपून ठेवतो. कर्नेल बदलला की आधी जुनी आणि नवी पूर्ण फाइल शेजारी-शेजारी लावून बघतो.